एका घाटाच्या वेळेवर भाकीत नको

महोदय,

मुंबई-पुणे सायकल शर्यतीत बोरघाट सर्वांत आधी चढणाऱ्याला 'घाटांचा राजा' म्हणतात आणि तो मान रास्तच आहे. परंतु त्या एका चढाच्या वेळेवरून कोवळ्या सायकलपटूचे भविष्य वर्तवण्याची घाई मला खटकते. आमच्या मुलुंडच्या सोसायटीतील सतरा वर्षांचा एक मुलगा दर रविवारी पहाटे खोपोली गाठून घाट चढतो, त्याची मिनिटे ॲपवर झळकतात आणि बारावीचे वर्ष सोडून त्याने पूर्णवेळ सायकलिंग करावे, असा सल्ला वडीलधारी मंडळी देऊ लागली आहेत. (आमच्या तरुणपणी ही वेळ मनगटी घड्याळावर मोजत असू आणि चहाच्या टपरीवर पोहोचेपर्यंत ती दोन मिनिटांनी कमी होत असे.)

२०१९ मध्ये एगान बर्नाल याने बाविसाव्या वर्षी आणि २०२० मध्ये तादेय पोगाचार याने एकविसाव्या वर्षी टूर द फ्रान्स ही फ्रान्समधील अनेक दिवसांची सायकल शर्यत जिंकली, हे दाखले हमखास दिले जातात. पण बर्नाल ज्या झिपाकिरा गावात वाढला, ते समुद्रसपाटीपासून सुमारे २,६५० मीटर उंचीवर आहे. आपला घाट संपतो तो सुमारे ६०० मीटरवर, त्यामुळे विरळ हवेत दम किती टिकतो याची परीक्षा तेथे होतच नाही. स्पेनचा सायकलपटू मिगेल इंदुराइन याचा आलेख तर अगदी निराळा. १९८५ आणि १९८६ मध्ये त्याने टूर अर्धवट सोडली. पुढील चार वर्षांत तो अनुक्रमे ९७वा, ४७वा, १७वा आणि १०वा आला, आणि मग १९९१ पासून सलग पाच वेळा जिंकला. पहिल्या दोन वर्षांवरून त्याला निकालात काढले असते तर?

चढावर वजनाच्या तुलनेत ताकद मोजली जाते, हे खरे. साठ किलोच्या मुलाने ३०० वॅट लावले तर किलोमागे पाच वॅट पडतात. मात्र वाढत्या वयात वजन घटवूनही हा आकडा फुगवता येतो, आणि ते घातक आहे. अनेक दिवस चालणाऱ्या टप्प्यांच्या शर्यतीत खरा कस लागतो तो आदल्या दिवशीचा थकवा अंगात असताना, शिवाय जेवण, झोप आणि उतारावरचे नियंत्रण यांचाही.

म्हणून आयोजकांनी कुमारांसाठी किमान तीन दिवसांची घाटशर्यत ठेवावी आणि तिसऱ्या दिवसाची वेळ पहिल्या दिवसाच्या शेजारी जाहीर करावी. तोवर मुलाला बारावीची परीक्षा देऊ द्यावी, असे मी त्याच्या वडिलांना सांगितले आहे.

— एक जुना सायकलस्वार, मुलुंड, मुंबई