कलमं छाटतो तसं

तीर्थरूप आई-बाबांस,
शिरसाष्टांग नमस्कार.

बाबा, काका गेल्यापासून तुम्हाला पहाटे तीनलाच जाग येते आणि बागेकडे फिरकणंही तुम्ही सोडलंय, असं आई म्हणाली. मागून तुमचा आवाज आला, "वय झालं, दुसरं काय!" मला ते पटलं नाही, म्हणून लिहितेय.

३ जून २०२० ला निसर्ग वादळ श्रीवर्धनजवळ किनाऱ्यावर धडकलं आणि आपल्या दापोली तालुक्यातल्या बागाही झोपल्या. मोडलेल्या पोफळींचं काहीच करता आलं नाही. पण आंब्याची जी कलमं नुसती कलंडली होती, ज्यांची एका बाजूची मुळं अजून मातीत होती, ती तुम्ही दोर लावून उभी केलीत, टेकू दिलेत. त्याआधी त्यांच्या फांद्या छाटल्यात. आईला ते बघवेना. तुम्ही तिला समजावलंत, की पानांतून पाणी उडतच राहतं आणि तुटक्या मुळांना तेवढं पाणी वर चढवता येत नाही. सगळा विस्तार ठेवला तर उभं केलेलं झाडही वाळेल. मग कापलेल्या जागी बुरशी शिरू नये म्हणून मोरचूद-चुन्याची पेस्ट लावलीत. त्या कलमांकडे पुढे कितीतरी दिवस तुम्ही मोहोर मागितला नाहीत. नुसती पालवी दिसली तरी तुमचा चेहरा खुलायचा.

एरवी धडधाकट हापूससुद्धा एक वर्ष भरभरून धरला की बहुधा पुढच्या वर्षी थांबतो. फांदीतला अन्नसाठा संपलेला असतो, नवी पालवी जून व्हायला वेळ लागतो. त्या वर्षी झाडाला आळशी म्हणताना मी तुम्हाला कधी ऐकलं नाही.

काका तुमच्या मुळांची एक बाजूच होते, बाबा. तरी सोसायटीचा हिशेब, देवळाचा उत्सव, भावकीतला जमिनीचा वाद, सगळं तुम्ही होतं तसंच अंगावर ठेवलंत. यंदा उत्सव दुसऱ्या कुणाला करू द्या. जमिनीचे कागद माझ्याकडे द्या, मी बघते.

निसर्ग आपला आपण सावरतो, असे मेसेज सगळीकडे फिरतात. मला ते अर्धवट वाटतात. आपली कलमं आपली आपण उठली नव्हती. माणसं लागली, दोर लागले, टेकू बरेच दिवस काढता आले नाहीत. तुम्हालाही मदत लागली तर त्यात कमीपणा कसला? झोप उडणं, आवडत्या कामातून मन उठणं हे इतके दिवस चाललं तर ते नैराश्य असू शकतं, आणि त्यावर या वयातही उपचार होतात. शनिवारी मी येतेय. आपण दोघं डॉक्टरांकडे जाऊ. तोवर रात्री फार जड वाटलं तर मला उठवा, किंवा १४४१६ लावा. ती सरकारची टेली-मानस सेवा आहे, फुकट, दिवसरात्र, आणि मराठीत बोलतात.

आई, तूही रात्रभर त्यांच्याबरोबर जागी असतेस ना? मी आले की दोन दिवस स्वयंपाक माझा. तू झोप काढ.

तुमची,
ताई