‘दुय्यम’ नट कोणाला म्हणावे?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

कालच्या रविवार पुरवणीतील फ्रेंच नटांवरचा लेख मी दोनदा वाचला; पहिल्यांदा उत्सुकतेने आणि दुसऱ्यांदा आपण काही चुकीचे तर वाचले नाही ना, या शंकेने. मायकेल लॉन्सडेल यांच्या वाट्याला त्यात चार ओळी आल्या असून त्यांतल्या एका ओळीत त्यांची ‘बाँडपटामुळे नाव झालेला दुय्यम नट’ अशी बोळवण केली आहे. जवळजवळ सहा दशके रंगभूमीवर, पडद्यावर आणि दूरचित्रवाणीवर काम करून २०२० साली वयाच्या ८९ व्या वर्षी गेलेल्या माणसासाठी लेखकमहाशयांना एवढे पुरेसे वाटले असेल, तर त्यांच्या काटकसरीचे कौतुकच करायला हवे.

मी टेलिफोन खात्यात एकतीस वर्षे नोकरी केली, आणि माझा राग तिथूनच सुरू होतो. ‘द डे ऑफ द जॅकल’ मुंबईत लागला तेव्हा मी नोकरीत नवा होतो. रात्रपाळी उरकून आम्ही एक्स्चेंजमधले पाचजण डोळे चोळत मॅटिनीला जाऊन बसलो होतो. फ्रान्सचे अध्यक्ष द गॉल यांच्या खुनाचा कट उधळण्यासाठी बसलेली बड्या अधिकाऱ्यांची ती बैठक ज्यांनी पाहिली आहे, त्यांना पुढचा प्रसंग सांगायला नको. तरी सांगतो, कारण लेखकांनी तो पाहिलेला दिसत नाही. सगळ्या मातब्बरांत हुद्द्याने सर्वांत लहान असलेला पोलीस अधिकारी लेबेल (म्हणजे लॉन्सडेल) टेप लावतो, कटवाल्यांना खबर पुरवणाऱ्या एका बाईचा फोनवरचा आवाज ऐकू येतो आणि एक बडे साहेब पांढरेफटक पडून उठतात. नेमका कोणाचा फोन टॅप करायचा हे तुम्हाला कसे कळले, असे मंत्री विचारतात. ते मला ठाऊक नव्हते, म्हणून मी सगळ्यांचेच टॅप केले, असे लेबेल सांगतो. लॉन्सडेल हे वाक्य ज्या आवाजात म्हणतात, त्या आवाजात आमच्याकडचा कारकून रजेचा अर्ज पुढे सरकवतो. ना डोळे वटारणे, ना विजयाचे हसू. फक्त थोडासा ओशाळलेपणा. थिएटरात आधी हशा पिकला आणि मग प्रत्येकजण गप्प झाला. शेजारी बसलेले आमचे सुपरवायझर तेवढे पुटपुटले, “एवढ्या लायनींवर माणसं किती बसवली असतील रे?” पुढे निवृत्त होईपर्यंत आमच्यात कोणी फुशारकी मारू लागला, की त्याला ‘लेबेलसारखं बोल’ असे सांगितले जाई. खुनी झालेले एडवर्ड फॉक्स देखणे होते, पण त्यांचे एकही वाक्य आमच्या बोर्डावर असे रुळले नाही.

बाँडपटाचा एवढाच सोस असेल, तर तोही नीट पाहावा. ‘मूनरेकर’मध्ये (१९७९) अवघी मानवजात संपवायला निघालेले लॉन्सडेल एकदाही ओरडत नाहीत. बाँडला काही इजा होईल एवढे पाहा, हा हुकूम ते पाहुण्याला चहा विचारावा तितक्या सौजन्याने देतात.

फ्रेंच दिग्दर्शक त्रुफोच्या १९६८ मधल्या ‘स्टोलन किसेस’मध्ये ते चपलाबुटांच्या दुकानाचे मालक आहेत आणि लोकांना आपण का आवडत नाही, हे शोधून काढण्यासाठी चक्क खासगी गुप्तहेर नेमायला येतात. हा गृहस्थ हे सारे हिशेबातली चूक दाखवावी तशा कोरड्या स्वरात सांगतो आणि त्यामुळेच त्याची कीवही येते, हसूही आवरत नाही. मुंबईत जन्मलेल्या इस्माईल मर्चंट यांची निर्मिती असलेल्या ‘द रिमेन्स ऑफ द डे’मध्ये (१९९३) ते दुखऱ्या पायांचे फ्रेंच पाहुणे आहेत. वरच्या खोलीत बटलरचा बाप अखेरच्या घटका मोजत असताना ह्यांना पाय शेकायला गरम पाणी हवे असते. त्या भूमिकेत दुष्टपणा नाही. फक्त आपल्या पायांपलीकडे काही न दिसणे आहे. बीबीसीच्या ‘स्मायलीज पीपल’ या मालिकेत (१९८२) त्यांनी साकारलेला घाबरट रशियन मुत्सद्दी तर समोर अलेक गिनेससारखा नट बसलेला असतानाही लक्षात राहतो. दूरचित्रवाणीवरचे हे काम आपल्या लेखात शोधूनही सापडले नाही.

फ्रान्सने त्यांना सीझर हा चित्रपट पुरस्कार दिला तो २०११ साली, म्हणजे त्यांच्या ऐंशीच्या उंबरठ्यावर आणि तोही सहायक अभिनेत्याचा. अल्जीरियातल्या मठवासीयांवरच्या ‘ऑफ गॉड्स अँड मेन’मध्ये ते वैद्यकी करणारे वृद्ध ब्रदर लूक झाले होते. गावातली एक तरुण मुलगी बाकावर शेजारी बसून त्यांना प्रेमाविषयी विचारते आणि हा म्हातारा साधू, आपणही पूर्वी प्रेमात पडलो होतो, असे आडपडदा न ठेवता सांगतो. पुरस्काराच्या नावात ‘सहायक’ आहे म्हणून नट दुय्यम ठरवायचा, हा न्याय मराठी वाचकाने तरी मान्य करू नये. आपल्याकडे निळू फुले पडद्यावर आले की नायक कोण आहे, याची चौकशी कोण करत बसले होते?

जाता जाता आणखी एक. लेखासोबतच्या छायाचित्राखाली ‘मायकेल लॉन्सडेल’ असे छापले आहे, पण त्यातले पोलादी दातांचे धिप्पाड गृहस्थ ‘मूनरेकर’मधलेच दुसरे नट रिचर्ड कील आहेत. लॉन्सडेल यांचे दात शेवटपर्यंत सर्वसामान्य होते.

माझे मागचे पत्र आपण छापलेत याबद्दल आभार, परंतु त्यातला शेवटचा परिच्छेद गाळल्यामुळे मी ज्याच्या विरुद्ध लिहिले होते त्याचाच समर्थक ठरलो आणि शेजाऱ्यांची अभिनंदने स्वीकारत बसलो. या वेळी जागा कमी पडल्यास कृपया बाँडचा परिच्छेद गाळावा, टेपचा नको.

आपला,
एक जुना वाचक, डोंबिवली