पाइप नंतर आणा, आधी पाणी कुठे जाणार ते ठरवा

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

तुमच्या पेपरात घर आणि बागेबद्दल बरंच छापून येतं, कुंड्या, लॉन, भिंतींचे रंग सगळं असतं, पण अंगणात साचणारं पाणी आणि जमिनीखालचं ड्रेनेज हा विषय आलाच तर पाइप कसा कापायचा आणि तो चिकटवायचं सोल्युशन कसं लावायचं एवढ्यावरच संपतो. हल्ली बरेच लोक हे काम स्वतः करतात आणि मला त्याचा मनापासून आनंद आहे, कारण नीट समजून घेतलं तर हे घरच्या माणसांना जमण्यासारखं काम आहे. पण पाइप जोडणं हा त्यातला सगळ्यात सोपा भाग. खरं काम कागदावर होतं, आणि त्याबद्दल कुणी लिहीत नाही म्हणून हे पत्र.

सुरुवात शेवटाकडून करायची. म्हणजे पाणी शेवटी कुठे सोडणार, सार्वजनिक गटारात, शोषखड्ड्यात की बागेतच खोलगट जागेत, आणि त्या जागी सोडायला परवानगी आहे का, हे ठरल्याशिवाय एक फूटही खणू नये. शेजाऱ्याच्या बाजूला पाणी काढून देणं हा उपायच नव्हे, तो त्रास दुसऱ्याच्या दारात ढकलणं झालं. मग जोराचा पाऊस चालू असताना छत्री घेऊन घराभोवती एक चक्कर मारा, पाणी कुठून येतं, कुठे थांबतं, पन्हळ कुठे ओसंडते ते डोळ्यांनी बघा आणि नकाशावर खुणा करा. कोरड्या दिवशी काढलेला नकाशा अर्धाच असतो.

आता थोडं गणित, पण हे चुकवू नका. एक चौरस मीटरवर 1 मिलिमीटर पाऊस पडला की 1 लिटर पाणी होतं, म्हणजे 100 चौरस मीटर छपरावर 50 मिलिमीटर पाऊस झाला तर जवळजवळ 5000 लिटर पाणी खाली येणार. आणि लोक काय करतात तर एक मीटर लांब, रुंद, खोल असा खड्डा घेतात, त्यात दगड भरतात आणि झाला शोषखड्डा म्हणतात. दगड भरल्यावर त्यात पाण्याला साधारण एक तृतीयांश जागा उरते, म्हणजे साडेतीनशे लिटरच्या आसपास! बाकीचं जमीन किती वेगाने पिते त्यावर. म्हणून आधी हातभर खड्डा घ्या, पाण्याने भरा, एकदा पूर्ण जिरू द्या, परत भरा आणि पातळी तासाला किती उतरते ते मोजा. चिकण मातीत दुसऱ्या दिवशीही पाणी तसंच दिसलं तर तिथे शोषखड्डा करू नका, कितीही मोठा केला तरी ती फक्त टाकी होईल. आणि खड्डा घराच्या पायापासून लांब हवा, निदान 5 मीटर तरी ठेवा.

माझं तर मत असं की बऱ्याच बागांना पाइपची गरजच नसते. घराला लागून असलेली जमीन बाहेरच्या बाजूला उतरती केली, पहिल्या तीन मीटरमध्ये 15 सेंटिमीटर ढाळ दिला, आणि पुढे एक उथळ, गवत लावलेला चर काढला तरी भिंतीची ओल बरीच कमी होते, शिवाय असा चर तुंबला तर दिसतो आणि फावड्याने साफ करता येतो. जमिनीतूनच पाणी झिरपत असेल तर मात्र खडीचा चर आणि भोकांचा पाइप लागतो. त्यात पाइपची भोकं खाली ठेवायची, कारण चरात पाणी तळातून वर चढतं, आणि जाळीचं कापड खडीच्या बाहेरून गुंडाळायचं, म्हणजे माती खडीत शिरत नाही.

संडास-मोरीचं पाणी आणि पावसाचं पाणी, दोन लाइन वेगळ्या म्हणजे वेगळ्याच. पावसाचं पाणी मैल्याच्या लाइनमध्ये सोडलं की मोठ्या पावसात तेच उलटं फिरून मोरीतून घरात येतं, सेप्टिक टँकमध्ये सोडलं तर टँकमधला गाळ ढवळून बाहेर पडतो, आणि सांडपाणी पावसाच्या गटारात सोडलं तर ते थेट ओढ्यात जातं. मैल्याच्या लाइनचं जोडकाम स्थानिक नियम बघून, जाणकार प्लंबरला दाखवूनच करावं, तिथे हौस नको.

ढाळाबद्दल सगळे अंदाजे बोलतात. 110 मिलिमीटरच्या पाइपला 60 ला 1 धरा, म्हणजे 6 मीटरला 10 सेंटिमीटर. 15 मीटर लांबीला 25 सेंटिमीटर उतार झाला, तेवढं शेवटचं टोक खरंच खाली आहे का ते पारदर्शक नळीत पाणी भरून आधी तपासा (नळीच्या दोन्ही टोकांना पाणी एकाच पातळीत राहतं, तिथून खाली मोजायचं), नसेल तर मार्ग बदला, आणि हे खणायच्या आधी कळायला हवं, नंतर नाही. काटकोनात एकच बेंड टाकण्यापेक्षा 45 अंशांचे दोन टाका, आणि जिथे लाइन वळते किंवा दुसरी येऊन मिळते तिथे चेंबर, म्हणजे झाकण उघडून आत बघता येईल अशी कुंडी, ठेवा, नाहीतर तुंबल्यावर काठी घालायला जागाच नाही. टाकताना खालच्या टोकापासून वर यायचं, सॉकेटचं तोंड, म्हणजे पाइपचं रुंद टोक, पाणी येतं त्या बाजूला, पाइपखाली 10 सेंटिमीटर वाळू किंवा बारीक खडी, टोकदार दगड एकही नको.

आणि माती लोटायची घाई करू नका हो! खालचं टोक बंद करून लाइन पाण्याने भरा, थोडा वेळ थांबा, पातळी उतरली तर कुठलातरी जॉइंट गळतोय, तो आत्ता सापडेल. सगळं झाकायच्या आधी फोटो काढा, भिंतीपासूनची मापं नकाशावर लिहा, पुढे कुणी झाड लावताना तो कागद लागतो.

शेवटी एक विनंती, बाकी पत्र कापलंत तरी चालेल पण हे जरूर छापा. छातीएवढ्या खोल चरात आधार न देता कुणी उतरू नये, एक घनमीटर माती दीड टनापेक्षा जड असू शकते आणि ती ढासळताना सूचना देत नाही. घराच्या पायाच्या तळापेक्षा खोल चर भिंतीलगत तर अजिबात नको. आणि जुन्या सेप्टिक टँकमध्ये किंवा बंद चेंबरमध्ये कुणीही, अगदी मिनिटभरासाठीही उतरू नये, आतला विषारी वायू दोन श्वासांत माणसाला बेशुद्ध करतो, आणि त्याला काढायला गेलेलाही तिथेच पडतो. असं कुणी पडलंच तर मागोमाग उतरू नका, लगेच फायर ब्रिगेडला बोलवा.

आपला,
एक नियमित वाचक