लागण न करता खोडवा किती वर्षं?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

आपला विकासदर चीनपेक्षा जास्त आहे, त्यामुळे गुंतवणुकीतलं अंतरही आता भरून निघेल, असा सूर हल्ली बऱ्याच लेखांतून दिसतो. कुपवाड एमआयडीसीत बावीस वर्षं मशीनशॉप चालवतो आहे. मला हे पटत नाही.

दोन देशांचे एकाच वर्षाचे आकडे शेजारी ठेवले की फसगत होते. १९९० मध्ये डॉलरमध्ये मोजलेल्या दरडोई उत्पन्नात आपण चीनच्या किंचित पुढे होतो. आज चीन आपल्या जवळपास पाचपट आहे. तिथे गुंतवणूक, म्हणजे मशीन, इमारती, रस्ते यांत घातलेला पैसा, १९८० पासून जीडीपीच्या साधारण एक तृतीयांश किंवा त्याहून जास्त राहिली, २०११ च्या सुमारास ती ४७ टक्क्यांपर्यंत गेली आणि आजही ४० च्या वर आहे. आपण २००० च्या आसपास २५ टक्क्यांवर होतो. २००७ ते २०१२ या काळात ३५ च्या पुढे गेलो आणि मग पुन्हा ३० कडे घसरलो. त्यात चीनची अर्थव्यवस्थाच मोठी. त्यांची एका वर्षाची गुंतवणूक आपल्या संपूर्ण जीडीपीच्या जवळपास दुप्पट भरते.

आमच्याकडच्या ऊसवाल्याला हे लगेच कळेल. लागणीला, म्हणजे नव्यानं ऊस लावायला, नांगरट, बेणं, मजुरी असा खर्च असतो. तोडलेल्या उसाच्या बुडख्यांतून पुन्हा फुटणाऱ्या पिकाला, म्हणजे खोडव्याला, त्यातलं बरंच वाचतं, म्हणून हातात पैसा दिसतो. पण खोडव्यावर खोडवा घेत गेलं की टनेज घटतं. २०१२ नंतर खासगी उद्योगानं हेच केलं, नवी गुंतवणूक टाळून जुन्यावरच भागवलं.

माझंच सांगतो. माझं व्हीएमसी (धातूचे भाग कापणारं संगणकीय मशीन) २००९ चं आहे. गेल्या वर्षी दहा मायक्रॉनच्या, म्हणजे मिलिमीटरच्या शंभराव्या भागाच्या, आत बसणारं काम आलं. मशीनचा फिरणारा दांडा, स्पिंडल, गरम झाला की माप सरकायचं, दुपारनंतरचे जॉब रिजेक्ट व्हायचे. ते काम सोडावं लागलं. नवं मशीन घ्यायचं तर बँक घर गहाण मागते आणि मोठ्या गिऱ्हाइकाकडे माझेच पैसे चार-चार महिने अडकलेले असतात. लहान उद्योगाचं बिल चुकवायला कायद्यात मुदत जास्तीत जास्त ४५ दिवसांची आहे. तक्रार केली तर पुढची ऑर्डर जाते, म्हणून कोणी करत नाही.

सरकारनं हात आखडला, असं मी म्हणणार नाही. केंद्राचा भांडवली खर्च २०१९-२० मध्ये साडेतीन लाख कोटींच्या आत होता, २०२३-२४ मध्ये तो नऊ लाख कोटींच्या वर गेला. रस्ते, रेल्वे डोळ्यांना दिसतात. पण २०१९ मध्ये कंपनी कर ३० वरून २२ टक्के केला, त्या मानानं नवे कारखाने उभे राहिले नाहीत.

चीनची नक्कल करा, असंही माझं म्हणणं नाही. तिथे रिकाम्या इमारतींत बुडालेला पैसाही याच टक्केवारीत मोजला गेला आणि तिथल्या सामान्य घराच्या वाट्याला खर्चायला कमी उरलं. म्हणूनच नुसत्या टक्केवारीवर माझा भरवसा नाही. पैसा मशीनमध्ये गेला की इमारतीत, सरकारनं घातला की उद्योजकानं, हे कळलं पाहिजे.

आपल्या अर्थविषयक पानावर अशी तुलना छापाल तेव्हा किमान तीस वर्षांचा तक्ता द्या आणि त्यात ही फोड दाखवा. शिवाय सांगली-साताऱ्यातल्या लहान शॉपमधली मशीनं किती वर्षांची आहेत, हे आपल्या वार्ताहरांनी एकदा दारोदार फिरून विचारावं. माझ्या शॉपवर ते कधीही येऊ शकतात.

आपला,
एक लघुउद्योजक, कुपवाड (जि. सांगली)