लिंकन विकली, बाबा

ती. आई-बाबा,
साष्टांग नमस्कार.

आपली लिंकन गाडी विकली. फोनवर सांगणार होतो, पण तुमचा आवाज ऐकून मला धड बोलता आलं नसतं, म्हणून लिहितोय.

बाबा, तुम्ही आधी किमतीचं विचाराल. मागितल्यापेक्षा थोडे कमी आले. जास्त देणारा एक होता, पण त्याला सात लिटरचं मूळ इंजिन काढून नवं बसवायचं होतं. १९६४ साली उघड्या टपाच्या अशा ३,३२८ लिंकन कॉन्टिनेंटल बनल्या, त्याही इथल्याच, मिशिगनमधल्या विक्समच्या कारखान्यात. तो कारखानासुद्धा २००७ साली बंद झाला. सहा वर्षं खपून जे इंजिन उभं केलं, ते भंगारात कसं जाऊ देऊ? त्याला सरळ नाही म्हटलं.

ज्याने घेतली, त्याने इंजिन सुरू करायच्या आधी टप उघडून दाखवायला सांगितलं. तेव्हाच मला तो आवडला. बटण दाबलं आणि मला तुमचा तो पहिला उन्हाळा आठवला. टप अर्धवट अडकलेला, डिकीचं झाकण आ वासून वर, दोन मेकॅनिक हात टेकून गेलेले. तुम्ही टेस्ट लॅम्प घेऊन तीन आठवडे त्या डिकीत वाकून होतात. "छोटं सबस्टेशनच आहे रे हे," म्हणालात. कुठला लिमिट स्विच लागला की कुठला रिले उचलतो, सगळं वहीत उतरवलंत. दोष निघाला तो काळ्या पडलेल्या एका काँटॅक्टमध्ये, ज्वारीच्या दाण्याएवढ्या. तुम्ही तो पॉलिश पेपरने घासलात, मी बटण दाबलं आणि मोटर घरघरली. वीज मंडळात तुम्ही छत्तीस वर्षं काय केलंत, ते मला त्या दिवशी कळलं. तोवर कधी विचारलंही नव्हतं, याचं वाईट वाटतं.

आई, तुझा मागचा दरवाजा त्याला मुद्दाम दाखवला. उलटा उघडणारा, त्यामुळे तुला गुडघा न मुडपता, साडी सावरून उतरता यायचं. उघडताना काच आपोआप जराशी खाली सरकायची आणि तू दचकून म्हणायचीस, "मी हात नाही लावला हं!" डिअरबॉर्नच्या संग्रहालयात केनेडींची लिंकन बघूनही तू म्हणाली होतीस, आपलीच छान आहे.

विकली कारण जूनपासून तीन महिने मी साताऱ्यात राहणार आहे, दरवर्षी. इथे हिवाळ्यात रस्त्यांवर मीठ टाकतात, तेव्हा गाडी बाहेर काढता येत नाही. उन्हाळाही तिकडे गेला तर ती उभीच राहणार, आणि उभ्या गाडीची सीलं वाळतात, तेलाच्या नळ्यांना चिरा पडतात. यात मी काही सोडतोय असं मनात आणू नका. आईच्या ऑपरेशनला मी नव्हतो, ते मला अजून बोचतं.

गाडी गेली तरी इथे नंबर प्लेट विकणाऱ्याकडेच राहते. ती घेऊन येतो.

एक काम आहे, बाबा. नव्या मालकाला टपाचं वायरिंग समजून घ्यायचंय आणि वही तुमच्याकडे आहे. रविवारी तुमच्या संध्याकाळी सातला व्हिडिओ कॉल करतो, तोही असेल. तुम्ही मराठीत सांगा, मी त्याला समजावतो. वही आणि जवळचा चष्मा काढून ठेवा.

तुमचा,
धाकटा