फुले योजनेत स्टेंट बसतो, मग झोपेची तपासणीही बसवा : आरोग्यमंत्र्यांना खुले पत्र

मा. आरोग्यमंत्री, महाराष्ट्र राज्य, यांस,

स.न.वि.वि.

मी तालुक्याच्या गावी पॅथॉलॉजी लॅबमध्ये टेक्निशियन आहे. मध्यंतरी एक ट्रकचालक रक्त द्यायला आले. दंडाला पट्टा बांधला, शीर शोधेपर्यंत गडी खुर्चीतच पेंगला. बायको शेजारी उभी होती. म्हणाली, "रात्री घोरता घोरता ह्यांचा श्वासच थांबतो. मी हलवते, मग दचकून उठतात." बीपीच्या दोन गोळ्या चालू, तरी बीपी उतरत नव्हतं. एचएस-सीआरपी (शरीरातली सूज दाखवणारी रक्ततपासणी) वाढलेलं निघालं आणि रिपोर्टवर तेवढंच छापलं गेलं. त्या माउलीचं म्हणणं लिहायला आमच्या फॉर्मवर जागाच नाही.

साहेब, हा आजार म्हणजे स्लीप अ‍ॅप्निया. झोपेत घसा मिटतो, प्राणवायू खाली येतो, मेंदू खडबडून जागा करतो, की पुन्हा तेच. तासाला तीसपेक्षा जास्त वेळा असं झालं तर आजार तीव्र धरतात. प्राणवायूच्या या चढउतारानं रक्तवाहिन्यांना सूज येते, म्हणून सीआरपी आणि इंटरल्युकिन-६ हे सुजेचे घटक रक्तात वाढतात. हृदयाच्या स्नायूला इजा झाली तर ट्रोपोनिन नावाचं प्रथिन रक्तात उतरतं, हृदयाच्या भिंतींवर ताण आला तर एनटी-प्रोबीएनपी हा रक्तातला घटक वाढतो.

अमेरिकेतल्या १,६४५ स्त्री-पुरुषांचा अभ्यास २०१५ मध्ये 'सर्क्युलेशन' या वैद्यकीय नियतकालिकात आला. स्लीप अ‍ॅप्निया आणि वाढलेलं ट्रोपोनिन यांचा संबंध त्यात बायकांमध्ये दिसला, पुरुषांमध्ये नाही. पुढच्या साधारण तेरा वर्षांत हार्ट फेल्युअर किंवा मृत्यूचा धोकाही अशा बायकांमध्ये वाढलेला आढळला. मला हे फार लागलं. आपल्याकडे बाई घोरते असं कोण सांगणार? ती स्वतः तर लाजेनं नाहीच सांगत. दिवसभराच्या थकव्याला "रक्त कमी असेल" म्हणून लोहाच्या गोळ्या मिळतात आणि विषय संपतो.

पण एक गोष्ट स्पष्ट सांगते. स्लीप अ‍ॅप्निया पक्का सांगेल अशी एकही रक्ततपासणी आज नाही. सीआरपी लठ्ठपणानं वाढतं, साध्या तापानंही वाढतं. म्हणून उद्या कोणी 'झोप आणि हृदय पॅकेज' घेऊन सरकारकडे आलं, तर कृपया त्यावर पैसा घालू नका. रक्त इशारा देतं. निदान रात्रीच्या तपासणीनंच होतं. त्यासाठी घरी नेता येणारी छोटी यंत्रं आता आहेत. ती प्रत्येक उपजिल्हा रुग्णालयात द्या.

महात्मा फुले योजनेत अँजिओप्लास्टी होते. हृदय बिघडल्यावर आपण खर्च करतो, मग बिघडण्याआधीची ही तपासणी आणि सीपॅप यंत्रही (मास्कमधून हवेचा दाब देऊन झोपेत घसा उघडा ठेवणारं) त्यात घ्या. केंद्रीय कर्मचाऱ्यांना सीजीएचएस या त्यांच्या आरोग्य योजनेतून सीपॅपचे पैसे मिळतात, मग ट्रकचालकाला का नाहीत? मात्र नुसती यंत्रं वाटून भागणार नाही. सीपॅपच्या २०१६ च्या 'सेव्ह' नावाच्या वैद्यकीय चाचणीत २,७१७ रुग्ण होते. सीपॅप मिळालेल्यांची दिवसाची पेंग आणि घोरणं कमी झालं, पण हृदयविकाराचे झटके कमी झाले नाहीत. लोक ते रात्री सरासरी ३.३ तासच लावत होते. मास्क नीट बसतो का, रोज लावला जातो का, हे बघणारं माणूस रुग्णालयात हवंच.

सुरुवात मात्र बिनपैशाची आहे. तिशीपुढच्यांच्या तपासणीसाठी आशाताई घरोघर फॉर्म भरतात. त्यात तीन प्रश्न घाला : जोरात घोरता का, झोपेत श्वास थांबल्याचं कोणी पाहिलंय का, दिवसा पेंग येते का. उत्तर घरच्यांसमोर घ्यावं, आणि बायकांना हे प्रश्न वगळू नयेत, एवढी सूचना परिपत्रकात जरूर असावी.

आपली नम्र,
एक लॅब टेक्निशियन