खुदादाद खानसाठी चार ओळी

प्रति,
मा. शालेय शिक्षणमंत्री, महाराष्ट्र राज्य

स. न. वि. वि.

मी तीस वर्षं माध्यमिक शाळेत इतिहास शिकवला. पहिलं महायुद्ध आलं की वर्गातून एक प्रश्न ठरलेला असायचा, "सर, यात आपलं कोण होतं?" मी आकडे सांगायचो. दहा लाखांहून जास्त हिंदी सैनिक समुद्रापार गेले, सुमारे ७४ हजार परतले नाहीत. मुलं वहीत उतरवून घ्यायची, घंटा व्हायची. एका वर्षी मी आकडे बाजूला ठेवले आणि एका माणसाची गोष्ट सांगितली.

शिपाई खुदादाद खान, पंजाबातल्या चकवालजवळच्या दब गावचा. पलटण १२९ वी बलुची, मूळची मुंबई इलाख्याच्या फौजेतली. ३१ ऑक्टोबर १९१४ ला बेल्जियममधल्या होलेबेकपाशी या पलटणीच्या दोन मॅक्सिम मशीनगन जर्मनांना थोपवून होत्या. एका गनवर तोफगोळा पडला, ती गेली. तुकडीचा गोरा अधिकारी जखमी झाला. उरली एक गन, तिच्यावर सहा जण.

मॅक्सिम ही एकट्यानं चालवायची वस्तूच नव्हे. एकानं मारा करायचा, दुसऱ्यानं काडतुसांचा कापडी पट्टा सरळ धरून भरवायचा, बाकीच्यांनी पेट्या ओढायच्या आणि नळी तापू नये म्हणून पाणी पुरवायचं. खुदादादचे पाचही साथीदार मारले गेले. तो स्वतः जखमी होता, पण तोवर त्यानं गन सोडली नाही. जर्मन त्याला मेलेला समजून पुढे गेले आणि रात्री तो रांगत पलटणीत परतला. व्हिक्टोरिया क्रॉस, म्हणजे ब्रिटिशांचं सर्वोच्च शौर्यपदक, हिंदी सैनिकांना खुला झाला १९११ मध्ये. तो मिळवून देणारा पहिला हिंदी पराक्रम हा. (गढवालच्या दरवानसिंग नेगींना पदक आधी हातात पडलं, म्हणून 'पहिला कोण' यावर लोक अजून भांडतात. भांडोत.)

वर्ग गंभीर झाला असं लिहिलं तर खोटं ठरेल. मागच्या बाकावरून आवाज आला, "सर, म्हणजे तो पाकिस्तानीच ना?"

१९१४ मध्ये पाकिस्तान कुठे होतं? फाळणीत पलटण तिकडे गेली. सुभेदार होऊन निवृत्त झालेला खुदादादही तिकडेच राहिला, कारण घर तिकडे होतं. ८ मार्च १९७१ ला तो वारला. त्याच डिसेंबरात दोन्ही देश पुन्हा लढले. आपण त्याला विसरलो ते बहुधा या हिशेबातच.

माझी मागणी छोटी आहे. पहिल्या महायुद्धाच्या धड्यात त्याच्यावर चार ओळी द्या. माणगाव तालुक्यातल्या पळसगावचे नाईक यशवंत घाडगे १० जुलै १९४४ ला इटलीत एकटेच मशीनगनवर धावून गेले. तेही पुढच्या धड्यात नावानिशी यावेत. एक गनमागचा, एक गनसमोरचा. मुलांना दोन्ही कळतील.

आणि खुदादादच्या मानपत्रात त्या साथीदारांची नावं नाहीत, नुसतं 'पाच जण' म्हटलंय. पाचवी ओळ परवडत असेल, तर त्यांना द्या.

कळावे,
एक निवृत्त इतिहास शिक्षक